वाढत्या अंगाचा

माझी नजर म्हणजे फूटपट्टी, असं कारखान्यात सगळे म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मलाही ते ऐकायला आवडायचं. शर्टाची एक बाही दुसरीपेक्षा जराशी लांब असली तरी मला लांबूनच खुपायची. म्हणून तर धागे कापणाऱ्या बायकांतून उचलून मला तपासणीच्या टेबलावर बसवलं.

आजवर आम्ही मोठ्या माणसांचे शर्टच शिवले. परवा पहिल्यांदाच लहान मुलींच्या फ्रॉकची ऑर्डर आली, परदेशी जायची. पहिला फ्रॉक उचलला, मानेतलं लेबल वाचलं आणि माझं डोकंच सणकलं. सहा वर्षं. माझी लेक नऊ वर्षांची, वर्गात उंच म्हणून शाळेच्या रांगेत पार मागे उभी राहणारी. फ्रॉक मला तिच्याच मापाचा दिसला.

लेबल लावणारीला मी धारेवर धरलं. "अक्कल गहाण टाकलीस का? नऊच्या मालाला सहाची लेबलं लावून मोकळी झालीस."

"मला जी दिली तीच लावली, ताई." ती रडकुंडीला आली.

मी मशीन बंद करायला लावल्या. आवाज थांबला तसे कटिंग मास्तर टेप गळ्यात अडकवून धावत आले. त्यांनी फ्रॉक टेबलावर पसरला, दोनदा मोजला.

"बाई, माप बरोबर आहे. सहाचंच आहे."

"मास्तर, तुम्ही ब्रह्मचारी माणूस. पोरं केवढी असतात ते तुम्हाला काय ठाऊक?"

बायका तोंडावर पदर, रुमाल धरून हसल्या. मला आणखी चेव आला. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? माझी लेक आता किल्ली न्यायला येईलच. तिला घालून बघू. मी चुकले असेन तर बसवा मला परत धागे कापायला."

लेक फाटकाशी आली होतीच. तिला आत आणलं आणि शाळेच्या कपड्यांवरूनच फ्रॉक चढवला. खांद्याची शिवण दंडावर उतरली. बाहीतून फक्त बोटांची टोकं दिसत होती. गुडघ्याशी थांबायचा तो घेर पोटरीवर लोंबत होता.

कोणी हसलं नाही. बाहीतला बारीक फरक ओळखणारी मी, आणि रोज जिची वेणी घालते ती केवढी आहे हेच मला दिसलं नव्हतं. रांगेत तिच्या पुढे उभ्या राहणाऱ्या पोरी एकेक करून डोळ्यांपुढे आल्या.

"तिकडची माणसंच थोराड," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "हाडापेरानेच मोठी. त्यांची पोरंही तशीच असणार."

मास्तरांनी खिशातून मोबाइल काढून फोटो दाखवला. ठेंगण्या बाईच्या शेजारी एक मुलगी उभी होती, पुढचे दात पडलेली, आईच्या खांद्याला लागलेली.

"ही माझी धाकटी बहीण. तिकडे लोकांची घरं झाडते. पोरगी तिकडेच झाली. आमच्या सात पिढ्यांत दारातून वाकून जायची पाळी कोणावर आली नाही, बाई."

"केवढी आहे ही?"

"सहा पूर्ण व्हायचीत अजून."

तेच रक्त, तीच हाडं. फोटोतल्या त्या पोरीचा मला राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली.

"खायला काय घालते हो तुमची बहीण तिला?"

"दूध, अंडी, फळं." मास्तर मोबाइल खिशात ठेवत म्हणाले, "विशेष काही नाही. पण रोज."

लेबल लावणारीने मान खाली घातली. तिच्या घरी दोन मुली आहेत. मशीनवर बसलेल्या बायकांतली एकही माझ्याकडे बघत नव्हती. प्रत्येकीची नजर माझ्या लेकीवर होती, आणि जी ती मनातल्या मनात तो फ्रॉक आपापल्या पोरीला घालून बघत होती.

लेकीला यातलं काही कळलं नाही. ती घेर धरून गिरकी घेत होती.

"आई, हा मला आणलास?" ती म्हणाली. "सैल आहे, पण असू दे. तूच म्हणतेस ना, कपडा वाढत्या अंगाचा घ्यावा. मोठी झाले की होईल मला."

तिला आता वाचता येतं. मी आधी तिच्या मानेतलं लेबल आत सारलं.

"होईल की," मी म्हणाले.