ओल्शिंकाचा भोंगा

सोबतचा इंजिनियर हिनेक याने लिहिलेला प्रोग्राम वाचताना ब्लांकाला शिसारी आली. चेकियातल्या ब्रनो शहरातल्या त्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर कुणीतरी कांदा-व्हिनेगरात मुरवलेलं सॉसेज खात होतं, पण शिसारी त्या वासाची नव्हती.

काम एवढंसं. धरणाखालच्या ओल्शिंका गावात नदी चढली की भोंगा वाजवायचा. त्याच गावात, नदीला लागून, ब्लांकाचे बाबा एकटे राहत.

असा प्रोग्राम कुणाच्या स्क्रीनला चिकटून चालत नाही. स्क्रीन बंद झाली की तोही गेला. म्हणून सुरू होताच तो स्वतःची एक प्रत काढतो. ती प्रत, म्हणजे त्याचं पोर, स्क्रीनशी सगळे संबंध तोडून पडद्याआड कामाला लागतं आणि बाप निघून जातो. आता कुठलाही शहाणा माणूस सांगेल, की पोर ‘मी उभं आहे’ म्हणेपर्यंत बापाने जागचं हलू नये. हिनेकचा बाप मात्र पोराला जन्म दिल्या दिल्या ‘सगळं ठीक’ असं कळवून पसार व्हायचा. त्याच्या या शब्दावर सरपंचाच्या कचेरीतला, भोंगा चालू असल्याचं दाखवणारा दिवा हिरवा होत असे.

आणि पोर? ते उठून कॉम्प्युटरच्या सगळ्यांत वरच्या फोल्डरमध्ये जाऊन बसायचं. तसं बसावंच लागतं. पण सेटिंगच्या फाइलचा पत्ता हिनेकने ‘इथेच, शेजारी’ असा लिहिलेला. जागा बदलल्यावर शेजार कुठला उरणार? फाइल सापडायची नाही, पोर मरायचं, आणि त्याचं सगळं बोलणं कचऱ्यात टाकायची सोय आधीच केलेली असल्यामुळे मरताना हूं की चूं करायचं नाही. हिनेक तपासायचा तो समोर स्क्रीनवर चालवून, पडद्याआड न सोडता. तिथे सगळं सुरळीत. बर्फ वितळून नदी फुगली त्या दिवसांतही चाचणीसाठी बसवलेला भोंगा मेलेला होता आणि दिवा हिरवा होता.

ब्लांकाने हे दाखवलं तेव्हा हिनेक हसला. पत्ता पूर्ण लिहून टाक, एवढ्यासाठी तोंड कशाला पाडतेस, म्हणाला. तिने पत्ता लिहिला आणि बापालाही थांबायला लावलं. पोराने नदीतल्या मापकाकडून पाण्याची पातळी एकदा वाचून दाखवली, की मगच त्याने ‘ठीक’ म्हणायचं.

गावाला यंत्रणा सोपवायच्या दिवशी कचेरीत अंडं आणि हॅम लावलेल्या पावांची ताटं मांडली होती. ब्लांकाने प्रोग्राम सुरू केला. दिवा पिवळा झाला आणि पिवळाच राहिला, कारण मापक जरा सावकाश उत्तर देत होता. सरपंचाने हातातला पाव खाली ठेवला.

“इंजिनियरसाहेब, बिघडलंय का हो? आधी तर लगेच हिरवा व्हायचा.”

हिनेकने ब्लांकाला दंडाला धरून बाहेर नेलं.

“ते थांबणं काढून टाक.”

“मापकाची तार भिजलेली असली तर पोर उठताच मरेल, आणि दिवा तरीही हिरवाच होईल.”

“तार कशाला भिजतेय?”

“हिनेक, ती नदीत आहे.”

“लोकांना दिवा लागलेला बघायचा असतो. तो कशाने लागला हे कोण विचारतं?”

ती नाही म्हणाली. मग त्याने स्वतःच बसून ते थांबणं पुसून टाकलं. ब्लांकाने सरपंचाला गाठून सगळं सांगितलं. त्याने तोंडातला घास गिळला आणि इंजिनियरसाहेबांना कळत असेलच की, असं म्हणाला. दिवा तत्क्षणी हिरवा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंड्यांवरच्या मेयोनीजने चिकट झालेल्या बोटांनी हिनेकने तिच्याशी हस्तांदोलन केलं, आणि तिने आपला हात स्कर्टला पुसला, सगळ्यांच्या देखत.

तिथून ती तडक बाबांकडे गेली. दारात बूट काढले. बाबांनी गुडघ्यांपायी खाट खालच्या खोलीत, नदीकडच्या खिडकीखाली आणली होती. भोंगा आहे म्हटल्यावर काळजी कसली, असं ते म्हणाले. आमच्या पोरीने बसवलाय, असं गुत्त्यात सगळ्यांना सांगून झालं होतं.

“बाबा, खाट वर न्यायची. आत्ताच्या आत्ता.”

“का गं?”

“भोंगा वाजेलच असं नाही. पुन्हा मेला तरी कुणाला कळणार नाही.”

बाबा उठले. त्यांनी खाटेची एक बाजू धरली. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ते दम घ्यायला थांबले.

“आणि पलीकडची म्हातारी? तीही खालीच निजते. मीच सांगितलं तिला, आता भीती नाही म्हणून.”

ब्लांकाने खाट तिथेच जिन्यात टेकवली. बूट न घालताच ती बाहेर पडली आणि तिने पलीकडचं दार वाजवलं.