देवू तांडेलाच्या कानातला तोल

मी तोल बोलतोय. मासेमारीच्या होडीचं सुकाणू धरणाऱ्या देवू तांडेलाच्या दोन्ही कानांच्या आत, हाडात कोरलेल्या बारीक कमानदार नळ्यांतलं पाणी हे माझं घर. देवू आईच्या पोटात कोलांट्या घेत होता, तेव्हापासूनची आमची ओळख.

माझ्या शेजारी, शंखासारख्या वळणाच्या खोलीत, ऐकणं राहतं. लोकांना तेवढंच ठाऊक. पण आवाज कुठल्या बाजूचा, हे मेंदू एकट्या ऐकण्यावर ठरवत नाही, मलाही विचारतो. होडी वळली की माझं पाणी हलतं. मी कळवतो, 'फिरलंय ते डोकं, किनारा जागेवरच आहे.' मग किनाऱ्याची गाजही जागेवर राहते.

दांडी या त्याच्या कोळ्यांच्या गावात म्हणत, देवूला धुक्यातही घर ऐकू येतं. त्याला ते फार आवडायचं. मलाही.

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं, त्या थंडीत देवूला ताप आला. ताप उतरला, पण माझी उजवी बाजू आजारी पडली. देवू उठला की भिंती गरगरायच्या.

"चार दिवस पडा," सुलू, त्याची बायको, म्हणाली. "आमी उपाशी नाय मरत."

"मी बरा हाय," म्हणून तो धाकट्या भावाला, नवशाला, घेऊन मासेमारीला निघालाच.

परतताना धुकं उतरलं. होडीचं टोकही दिसेना. तेवढ्यात किनाऱ्यावरून, होडीला वाट कळावी म्हणून, थाळी वाजू लागली.

"दादा, वयनी हाय! कुठं वळवायची?"

देवूला थाळी स्वच्छ ऐकू येत होती. पण माझी उजवी बाजू गप्प, डावी एकटीच ओरडत होती. मेंदूला वाटलं, डोकं फिरतंय; तरी आवाज कानाला त्याच बाजूनं येतोय, म्हणजे थाळीही फिरतेय. समोर होती ती बाजूला सरकली, मग पाठीमागे गेली. जवळच कुठंतरी खडकांवर पाणी फुटत होतं. देवूची मूठ सुकाणूवर घट्ट झाली. मला ओरडावंसं वाटलं, 'आज माझं ऐकू नकोस!' पण मला कुठला आवाज?

देवूनं सुकाणूवरची मूठ सोडली. मग म्हणाला, "नवशा, मला नाय समजत. आवाज फिरतो. तू धर."

"मी? मी कधी धरलंय?"

"तुझे कान ठिकाणावर हायत. धर!"

नवशानं सुकाणू धरलं. खडक हात लावता येईल इतके जवळून गेले. आणि होडी वाळूला लागली. सुलू कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. देवू उतरला आणि कोलमडला. तिनं थाळी पाण्यात टाकली नि त्याला खांद्याशी धरलं.

आता सुकाणू नवशाकडे असतं. देवूला ते पुष्कळ दिवस बोचलं. माझी उजवी बाजू अजून अर्धी झोपेतच आहे. पण मेंदू हळूहळू डाव्या बाजूवर, डोळ्यांवर, तळपायांवर भागवायला शिकला. दुपारी देवू वाळूवर डोळे मिटून पडतो. तेव्हा मी आणि ऐकणं मिळून त्याला हलकेच सांगतो, समुद्र तिकडे, सुलूच्या बांगड्या इकडे.

तुमच्याही कानात मी आहे. कधी चुकलो, तर रागावू नका. जवळच्या माणसाचा हात धरा. मी पाण्यात राहणारा. पाणी ढवळलं की निवळायला वेळ लागतो. तेवढा मला द्या.