दुमडलेला फोटो

ओब्दुलियाची गोष्ट छापून आली ती वस्तीतल्या लायब्ररीने काढलेल्या पुस्तकात, सतराव्या पानावर. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला तेवढं पुष्कळ होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं बीन्स शिजवता शिजवता ती आपली आपणच लिहायला शिकली होती. पण तिच्या बहिणीची मुलगी मारिसेला त्यांच्याच सॅन अँटोनियो शहरातल्या विद्यापीठात साहित्य शिकत होती. आपल्या लोकांच्या गोष्टींत मनाच्या तळाशी काय दडलेलं असतं, यावर तिचा प्रबंध चालला होता, आणि त्यातलं मावशीच्या गोष्टीवरचं प्रकरण ती शनिवारी लायब्ररीत वाचून दाखवणार होती.

गोष्ट तशी साधी. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी गेलेले घरी येतात, म्हणून एक बाई घरात त्यांच्या फोटोंची वेदी मांडते. सासूचा एकच फोटो घरात, आणि त्यात सासूच्या शेजारी बाईचा नवरा उभा. जिवंत माणसाचा फोटो वेदीवर ठेवायचा नसतो, त्याला तिकडून बोलावणं येतं. म्हणून बाई फोटो मधोमध दुमडून ठेवते, निदान तिला तसं वाटतं. सकाळी बघते तर फोटो उलगडलेला, आणि नवरा झेंडूच्या फुलांत, गेलेल्यांच्या रांगेत मजेत उभा. आपण दुमडायला विसरलो की काय, म्हणून बाई मटकन खाली बसते. संपली गोष्ट.

गुरुवारी मारिसेलाने ते प्रकरण मावशीच्या स्वयंपाकघरात वाचून दाखवलं. ओब्दुलिया तमालेसाठी मक्याच्या पानांवर पीठ थापत होती. शेवटाला भाचीने निकाल दिला, की ती बाई विसरली नव्हती. जे तोंडाने म्हणता येत नव्हतं ते तिच्या हातांनी केलं.

ओब्दुलियाचा हात पानावरच थांबला. "म्हणजे बाईला नवरा मरायला हवा होता?"

"बाईला नाही मावशी. तिच्या नेणिवेला."

"आणि ही नेणीव राहते कुठे? त्याच घरात ना?"

मारिसेला हसली. मग समजावून सांगू लागली, की लिहिणारीला काय म्हणायचं होतं ते विचारायचं नसतं, गोष्टीलाच विचारायचं असतं. ओब्दुलिया म्हणाली, छान, माझे तमाले खायचे आणि विचारायचं मात्र गोष्टीला. तेवढा शेवट गाळ, असंही तिने सांगून पाहिलं. पण प्रकरणाचा सगळा भार त्या शेवटावरच होता.

खरी अडचण तिला बोलता येईना. ती गोष्ट घडली होती, याच घरात, बारा वर्षांपूर्वी. फर्मिनची, तिच्या नवऱ्याची, आई गेली त्या वर्षी त्याने बोलणंच टाकलं होतं. कामावरून यायचा आणि अंगणात बंद ट्रकमध्ये बसून राहायचा. एकदा भांडी घासताना ओब्दुलियाच्या मनात आलं होतं, जायचंच असेल तर जा बाबा एकदाचा. एकदाच आलं होतं. पण नोव्हेंबरात फोटो उलगडलेला दिसला, आणि तेव्हापासून तिचा आपल्याच हातांवर भरवसा राहिला नव्हता. फर्मिन एअरकंडिशनरच्या माहितीपुस्तिकांपलीकडे काही वाचत नसे, म्हणून गोष्टीत लिहायचं धाडस झालं. आता तो सगळ्या वस्तीसमोर ऐकणार होता.

शनिवारी फर्मिन इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी गुडघ्यावर ठेवून पहिल्या रांगेत बसला. मारिसेलाने शांतपणे, सुरेख वाचलं. "नेणिवेतली मृत्यूची इच्छा" आली तेव्हा ओब्दुलियाने पर्स उघडली आणि तिच्यात काहीतरी शोधत राहिली. वाचन संपल्यावर मागून शेजारीण त्रिनिदाद म्हणाली, "फर्मिन, घरची कॉफी जरा हुंगून पीत जा." लोक हसले. फर्मिनही हसला.

ट्रकमध्ये बसल्यावर त्याने किल्ली फिरवलीच नाही. ओब्दुलियाने सीटबेल्ट लावला, काढला, परत लावला.

"तो फोटो मी उलगडला होता," तो समोर बघत म्हणाला. "तू नीट दुमडला होतास. सकाळी उठून पाहिलं तर आई एकटीच. म्हटलं, येऊ दे मलाही बोलावणं."

ओब्दुलिया त्याच्याकडे वळली. मग तिने विचारलं, "आणि मग?"

"मग तू आतून ओरडलीस, अंडी गार होतायत म्हणून. आलो."

खिडकीबाहेर त्रिनिदाद दोघांना हात करून गेली. ओब्दुलिया हळूच म्हणाली, "त्या वर्षी एकदा माझ्याही मनात आलं होतं. जा म्हणून."

"माहीत आहे. तेव्हा भांडी फार आपटायचीस." त्याने ट्रक सुरू केला. "पोरीला सांगणार?"

"छे. पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचाय तिला. इच्छा तर तिला बरोबर सापडली, नुसता माणूस चुकला."

घरी वेदीचं टेबल मांडलं होतं, झेंडू बादलीत होता. ओब्दुलियाने फोटो आणला. फर्मिनने तो तिच्या हातातून घेतला आणि जुन्या घडीवरून अंगठा फिरवत स्वतःच दुमडला. फोटोतला तो घडीच्या पाठीमागे गेला. आईच्या खांद्यावर ठेवलेली त्याची चार बोटं मात्र पुढेच राहिली. दरवर्षीच राहायची.

"एवढी चालतील," ओब्दुलिया म्हणाली, आणि तिने फोटो वेदीवरच्या पाण्याच्या पेल्याला टेकवून उभा केला.