सुंदररावांचा पाचवा संकल्प

एकतीस डिसेंबरला सकाळी विमलबाईंनी पेटीतलं इरकली लुगडं काढलं, तेव्हा शेजारणीला वाटलं, कुणाचं तरी लग्न असणार. लग्न नव्हतं, ग्रामसभा होती. विमलबाई पूर्वी पाच वर्षं या गावच्या सरपंच होत्या. पण त्या पाच वर्षांत ग्रामसभेची पायरी त्या एकदाही चढल्या नव्हत्या, आणि गावात कुणालाही याचं नवल वाटलं नव्हतं. जागा बायकांसाठी राखीव झाली, बाई निवडून आल्या, खुर्चीत त्यांचे मालक सुंदरराव बसले. रजिस्टर घरी यायचं, विमलबाई पिठाचे हात पदराला पुसून सही करायच्या आणि पुन्हा परातीकडे वळायच्या. आपल्याकडे कारभार असा सुटसुटीत असतो.

आज मात्र त्या जाणार होत्या. नवऱ्याच्या पाच संकल्पांपैकी चार कसेबसे मार्गी लागले होते. पाचवा राहिला होता, आणि वर्षाचा हा शेवटचा दिवस होता.

आता धारूरच्या डोंगराकडेला असलेल्या एका खेड्यातल्या जुन्या पुढाऱ्याचे संकल्प साऱ्या गावाला ठाऊक कसे, ते सांगायला हवं. सुंदरराव दर नव्या वर्षाला चौकात शुभेच्छांचा फ्लेक्स लावत. मजकूर मोबाइलवर पाठवणं त्यांना जमत नाही, ते चिठ्ठी लिहितात. गेल्या वर्षअखेरीला बीडच्या डॉक्टरांनी छाती तपासता तपासता त्यांना बरंच काही ऐकवलं. परतीच्या एसटीत सुंदररावांनी मनाशी काही ठरवलं आणि ते एका कागदावर उतरवलं. त्याच खिशात शुभेच्छांची चिठ्ठीही होती. धारूरला उतरल्यावर त्यांनी फ्लेक्सवाल्या आमेरच्या हाती एक चिठ्ठी दिली, "नेहमीसारखंच कर" म्हणाले आणि निघून आले. आमेरनं ती वाचली, जरा चमकला. पण साहेबांनी औंदा नवीन काहीतरी काढलंय, असं त्याला वाटलं. विचारायची पद्धत नव्हतीच.

एक जानेवारीला गाव उठलं तेव्हा जलालुद्दीनच्या पंक्चरच्या दुकानावर, दहा बाय आठच्या फ्लेक्सवर, सुंदरराव हात जोडून उभे होते. शेजारी ठळक लाल अक्षरांत लिहिलं होतं: तंबाखू बंद. रोज किल्ल्यापर्यंत पायी. भाषण पाच मिनिटं, जास्त नाही. विमलला नावानं हाक मारणे. आणि शेवटी, रामची माफी मागणे. त्याखाली आमेरनं सवयीनं "शुभेच्छुक : समस्त ग्रामस्थ" टाकून दिलं होतं.

सुंदरराव शिडी आणि माणूस घेऊनच चौकात पोचले. विमलबाई दूध घालून परतत होत्या, त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं. "उतरव" हा शब्द साहेबांच्या ओठांवर आला होता. तेवढ्यात म्हातारा जलालुद्दीन हातातली ट्यूब टाकून पुढं आला.

"सायेब, लई हिंमत केली तुमी," तो म्हणाला. "माफी मागायची म्हनून बोर्ड लावनारा मानूस म्या उभ्या जल्मात बघितला न्हाई."

त्याचे डोळे पाणावले होते. सुंदररावांनी एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, एकदा जलालुद्दीनकडे, आणि शिडीवाल्याला परत पाठवलं. दुपारी आमेर घामाघूम होऊन घरी आला, तर सुंदरराव त्याला चहा पाजून म्हणाले, "चूक झाली म्हनून कुनाला सांगू नको. लिवलंय म्याच." आमेरची चूक झाली, एवढं एक वाक्य चौकात बोलले असते तरी सुटले असते. ते बोलले नाहीत. विमलबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्याला मनातल्या मनात शाबासकी दिली.

पुढची कामगिरी काही एकसारखी नव्हती. तंबाखू जानेवारीत तीनदा सुटली आणि चारदा लागली. लग्नसराईत तर मांडवामागं जाऊन मळताना त्यांना दोनदा पकडलं. गौरी-गणपतीनंतर मात्र पुडी घरात दिसली नाही. धारूरच्या किल्ल्यापर्यंत चालायला पहिल्या दिवशी सोबत नऊ कार्यकर्ते आणि मागून एक जीप होती. होळीपर्यंत एकटे सुंदरराव आणि त्यांची काठी उरली, आणि मग ते खरं चालायला लागले.

भाषणाचं सगळ्यांनाच कोडं होतं. आपल्याकडं लग्नात अक्षता हातात धरून माणसं ताटकळत असतात आणि पुढारी आशीर्वाद देत असतात. मुहूर्त त्यांच्या भाषणातून वाट काढत येतो. सुंदरराव पाऊण तासाखाली कधी बसले नव्हते. वैशाखात एका मांडवात ते माईकसमोर गेले, "पोरांनो, एकमेकांचं ऐका," एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. त्यांच्यामागं बोलणाऱ्या चार पुढाऱ्यांची पंचाईत झाली. लग्न वेळेवर लागलं, हे त्या भागात अजून सांगतात.

आणि चौथा. छत्तीस वर्षं "अगं ए" वर चाललेला संसार. एका सकाळी सुंदरराव अंगणातून "विमल" म्हणाले, तेव्हा विमलबाईंनी मागं वळून पाहिलं, की कोण आलंय. मग लक्षात आलं, आणि बासष्टीच्या नवऱ्यासमोर त्या अशा लाजल्या की चहात मीठ पडलं. तो चहा सुंदररावांनी मुकाट पिऊन टाकला.

पण विमलबाईंचा जीव अडकला होता तो पाचव्यात. राम म्हणजे सुंदररावांचा धाकटा भाऊ. विमलबाई लग्न होऊन आल्या तेव्हा राम सात वर्षांचा होता, आईबाप दोन्ही गेलेले. त्यांनी त्याचं डोकं विंचरलं, त्याच्या दप्तरात भाकरी बांधली, त्याचं लग्न लावलं. नऊ वर्षांपूर्वी, विमलबाई सरपंच असताना, गावात पाण्याची टाकी बांधायची होती. भरल्या ग्रामसभेत राम उठला आणि म्हणाला, टाकी टेकडीवर बांधा, खाली बांधली तर वरच्या आळीला पाणी चढणार नाही. सुंदररावांनी माईकवरून उत्तर दिलं, "माझ्या ताटात जेवून वाढला, आन् मलाच अक्कल शिकवतो?" सभा हसली. संध्याकाळी राम बायको, पोरगी आणि एक पेटी घेऊन मळ्यातल्या घरी राहायला गेला. टाकी खालीच झाली, सुंदररावांच्या शेताच्या बांधाला. वरच्या आळीतल्या बायका तेव्हापासून घागरी घेऊन खाली उतरतात.

जानेवारीतच सुंदरराव मळ्यात गेले होते. रामनं त्यांना बाज टाकून दिली, गरम हुरडा दिला, अदबीनं बसला. माफीचा शब्द निघताच मात्र म्हणाला, "हितं न्हाई, भाऊ. जिथं बोललात तिथं."

सांगायला सोपं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत सुंदरराव उभे राहिले आणि झेंड्यावर बोलून बसले. एक मेला बाहेरगावचं लग्न निघालं, म्हणजे काढलं. पंधरा ऑगस्टला राम दाराशी उभा होता, सगळं गाव श्वास रोखून होतं, आणि साहेब वृक्षारोपणावर बोलले. त्या दिवशी विमलबाईंनी ताट वाढलं, पण शब्द वाढला नाही. गौरी-गणपतीनंतर तर जलालुद्दीन रोज विचारायचा, "सायेब, चार झाले. पाचवा कावून राहिला?" दोन ऑक्टोबरला सोळाच माणसं जमली, सभा तहकूब झाली, मग विधानसभेची आचारसंहिता लागली, आणि ढकलत ढकलत ती वर्षाच्या शेवटच्या दिवसावर आली.

निघताना सुंदरराव दारात थांबले. "विमल, तू कावून येतीस?"

"तुमी आजबी झाडावर बोलला, तर मला बघायचं हाय," त्या म्हणाल्या.

समाजमंदिरात सतरंज्या भरल्या होत्या. वरच्या आळीच्या बायका ताराबाईच्या मागं एका कोपऱ्यात बसल्या होत्या. राम शेवटी, भिंतीला टेकून. नवीन ग्रामसेवकानं विषय वाचले, ऐनवेळच्या विषयांवर आला, आणि सुंदरराव उठले. माईक घेऊन ते आधी खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघत राहिले. विमलबाईंना वाटलं, आता हे बसणार.

"नऊ वर्साखाली मी हितं माझ्या भावाला टाकून बोललो," सुंदरराव म्हणाले. "तो माझ्या ताटात जेवला न्हाई. बापाच्या जमिनीत त्याचा निम्मा वाटा हाय, तो त्याच्या ताटात जेवला. राम, चुकलो. मला माफ कर."

एवढ्यावर संकल्प पुरा झाला होता. जलालुद्दीननं तर टाळीसाठी हात उचलले होते. सुंदरराव खाली बसले नाहीत.

"अजून एक हाय," ते म्हणाले. "टाकी टेकडीवर बांधा, असं इंजिनेरनं मला आधीच सांगितलतं. राम बोलला ते खरं हाय, हे मला त्याच वेळी ठाव होतं. जागा माझी, पाटी माझ्या नावाची, म्हनून म्या ती खाली ओढली. त्याला गप बसवायला तसं बोललो. वरच्या आळीचं पानी मी तोडलं. जानूनबुजून."

विमलबाईंच्या कानात दडे बसल्यासारखं झालं. नऊ वर्षं एका घरात राहून हे त्यांना ठाऊक नव्हतं. ताराबाई उठली. साठीची बाई, मानेला पट्टा.

"सायेब, नऊ वर्सं घागरी वाहिल्या. मान गेली माजी," ती म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"व्हय, ताराबाई," सुंदरराव म्हणाले. पुढं सारवासारव नाही, पण-परंतु नाही. उभे राहिले फक्त. मागून कुणीतरी चांगली कचकचीत शिवी हासडली, तीही त्यांनी ऐकून घेतली. त्यांचे कार्यकर्ते सतरंजीचे धागे मोजत होते. वर्षभरावर ग्रामपंचायतीची निवडणूक आली होती आणि साहेबांनी स्वतःच्या हातानं स्वतःची मतं सांडून दिली होती. विमलबाईंना राग आला होता, लाज वाटली होती, आणि त्या सगळ्यावर चढून अभिमान आला होता. असा माणूस आपल्या वाट्याला आला, याचं त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं कौतुक वाटलं.

"टेकडीवर नवी टाकी व्हावी, असा ठराव मी मांडतो," सुंदरराव म्हणाले. "आन् पहिली का चुकली, तेबी त्यात लिवा."

ग्रामसेवक चाचरला. "साहेब, कागदावर राहील हे. तुमचं नाव…"

"राहू द्या. सरपंच तवा विमल होती, पन तिला यातलं काय ठाव न्हवतं. सही म्या घेतलती."

विमलबाई कधी उठल्या, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. "सही माझी हाय," त्या म्हणाल्या. माईकशिवायही ते शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू गेलं. "न वाचता केलती. पाच वर्सं न वाचताच केल्या. तेबी लिवा."

सुंदररावांनी बायकोकडे पाहिलं. मग ग्रामसेवकाला म्हणाले, "लिवा."

ग्रामसेवकानं लिहून घेतलं. मग पेन थांबवून, मान वर न करता विचारलं, "सूचक सुंदरराव आश्रुबा. अनुमोदक कोण?"

कार्यकर्त्यांपैकी एकही हात वर गेला नाही. अनुमोदन म्हणजे त्या कबुलीखाली आपलं नाव, आणि ते कुणालाच नको होतं. वरच्या आळीच्या बायका दगडासारख्या बसून होत्या. ग्रामसेवकानं पुन्हा विचारलं. सुंदरराव माईक धरून उभेच होते, आणि आता पहिल्यांदाच ते म्हातारे दिसत होते. विमलबाईंनी आपला हात उचलायला घेतला.

त्याआधी भिंतीकडून एक हात वर झाला होता.

"नाव?" नवख्या ग्रामसेवकानं विचारलं.

"राम आश्रुबा," राम म्हणाला. सतरंज्यांमधून वाट काढत तो पुढं आला, टेबलावर वाकला, अख्खा ठराव शब्द न् शब्द वाचला आणि खाली सही केली. मग भावाच्या हातातला माईक काढून घेऊन त्यानं टेबलावर ठेवला.

"बसा आता, भाऊ," तो म्हणाला. "लई वेळ उभे हायत तुमी."

सुंदरराव तिथंच सतरंजीवर, माणसांत बसले, आणि राम त्यांच्या शेजारी बसला.