नव्वद अंश

ऑपरेशनला सहा आठवडे झाले तरी सुतारकाकांचा नवा गुडघा निम्मासुद्धा वाकेना, तेव्हा त्यांची फिजिओथेरपिस्ट म्हणून माझं डोकंच फिरलं.

“दर आठवड्याला फोनवर विचारत होते ना मी, गुडघा नव्वद अंश वाकतोय का म्हणून? तुम्ही ‘वाकतोय ताई’ म्हणायचात!”

“तुम्ही इतक्या घाईत असायचात.”

“आणि व्यायामाची पुस्तिका दिली होती ती?”

“जपून ठेवलीय की.” त्यांनी पिशवीतून ती काढली. बत्तीस पानं, कोरी करकरीत. “वाचता येत नाही मला,” ते खाली बघत म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. भिंतीवरच्या तक्त्यावर अंश दाखवले, तर त्यांनी नुसती मान डोलावली. फोनवरही अशीच डोलवत असणार. वैतागून मी टेबलाच्या कोपऱ्यावर बोट आपटलं. “हा कोपरा बघा! एवढा वाकायला हवा!”

“म्हणजे गुण्यात बसेल एवढा?” त्यांनी दोन बोटांनी काटकोनी पट्टीचा आकार केला, चेहरा उजळला. “अहो, चाळीस वर्षं दारं-खिडक्यांचे कोपरे गुण्या लावूनच जुळवले मी. पहिल्याच दिवशी असं सांगायचं ना, ताई!”

आता काकांना भूल देऊन डॉक्टरांना तो गुडघा वाकवावा लागणार होता. मी पुस्तिका रागानं उलटी टाकली. मागच्या पानावर लेखिका म्हणून माझंच नाव होतं.