रविवारचे दोन फोन

नत्थूजींनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि मधुसूदनच्या एसटीडी बूथच्या काउंटरवर आपटलं.

"तीन मिनिटं दहा सेकंद बोललो मी. पाच मिनिटांचे पैसे काहून लावून राहिला गा?"

"काका, नंबर फिरवला का तेव्हापासून धरतो आम्ही."

"नंबर फिरवणं म्हणजे बोलणं होय? लूट हाय ही!"

उमरेडच्या कोळसा खाणीत त्यांनी एकतीस वर्षं टाइमकीपर म्हणून काढली होती. साहेब उशिरा आला, तर साहेबाचाही उशीर लिहिला होता. असा माणूस दोन मिनिटं फुकट कशी जाऊ देणार? पैसे टाकून ते तरातरा रस्ता ओलांडून गेले. समोर रुपरावाने नवीनच एसटीडी टाकली होती. अठ्ठ्याऐंशी साल ते. त्यांच्या सक्करदरा मोहल्ल्यात एसटीडीचे पिवळे बोर्ड नुकतेच दिसू लागले होते.

"आपल्या इथं तिकडून हॅलो आलं का मगच टाइम सुरू," रुपराव म्हणाला.

पुढच्या रविवारी मधुसूदननेही तेच बोर्डावर रंगवून घेतलं आणि वरचा सर्व्हिस चार्ज सोडला. मग रुपरावाने सोडला. नत्थूजी दोघांचे भाव एकमेकांना मोठ्याने ऐकवत आणि स्वस्त पडेल तिथे शिरत.

तरी एक गोष्ट त्यांना डाचत होतीच. शामला, त्यांची एकुलती लेक, रायपूरला दिलेली. फोन तिचा नव्हे, घरमालकीण तुळसाबाईंचा. शामला मागच्या माडीवर राहायची. ती खाली येईपर्यंत दोन मिनिटं उडत.

"पोरगी जिना उतरते अन् बिल माझं चढते!" ते संतापून म्हणत.

शेवटी त्यांनी तोड काढली. पहिला फोन अर्ध्या मिनिटाचा: शामलाले बोलवून ठेवा. दहा मिनिटांनी दुसरा. एका वेळचा खर्च जवळजवळ निम्म्यावर आला. महिन्यातून एकदा होणारा फोन आता दर रविवारी होऊ लागला.

शामला मात्र फारसं बोलत नसे.

"बरं हाय बाबा. ठेवू आता?"

"ठेवू काहून? पैसे मी भरून राहिलो ना!" तिच्यावरही ते चिडत.

पाचव्या रविवारी त्यांनी दुसरा फोन लावला. तुळसाबाईंनी उचलला, रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि आत हाक मारली. त्यांचा आवाज तारेतून स्पष्ट आला.

"शामला, ऊठ, तुझ्या वडिलांचा फोन. राहू दे ती भांडी, नंतर घास. आणि हे बघ, फोनमागे एका दिवसाची भांडी ठरली होती आपली. आजही दोन फोन झाले."

"हो मावशी," शामलाचा आवाज आला. "दोन दिवस धरा."

नत्थूजींनी मनातल्या मनात हिशोब केला. आलेल्या फोनला घरमालकिणीचा छदामही जात नव्हता. एका फोनचे दोन त्यांनी केले होते, आणि दर रविवारी केले होते. 'कशाची भांडी घासून घेता हो बाई?' शब्द अगदी ओठांवर आले. पण ते बोलले असते, तर पुढच्या रविवारपासून शामलाला हाक मारली गेली नसती. त्या घरात दुसरा फोन नव्हता.

"हॅलो," तुळसाबाई पुन्हा फोनवर आल्या. "येते आहे हं ती. हात धुते आहे."

नत्थूजींनी घसा खाकरला. समोर काचेपलीकडे रुपराव घड्याळाकडे बघत होता.

"ताई," ते म्हणाले, "तुमचे मोठे उपकार हाय आमच्यावर."

"अहो, त्यात काय एवढं!"

मग रिसीव्हर हातातून हातात गेला.

"बाबा?"

"हात कोरडे केले काय वं?" त्यांनी विचारलं.