दोनशे सत्तेचाळीस वेढे

कृष्णात माझं जुनं गिऱ्हाईक. त्यानं त्याचं वर्कशॉप सांगलीतून जतकडं हलवलं. तिकडं बोअर मारायच्या गाड्या जास्त आहेत आणि त्या मोडतातही जास्त. लेथ, ड्रिल आणि मिलिंग अशी तीन मशीनं टेम्पोतून गेली. नारळ फुटला. बटण दाबलं तर एकही मशीन धरेना. पेटीतला कॉन्टॅक्टर, म्हणजे मशीनला वीज जोडणारा स्विच, कडकड करून सुटायचा. सांगलीत त्याला चारशे पंधरा व्होल्ट मिळत होते. नव्या जागी, लाइनच्या टोकाला, तीनशे सत्तर.

त्यानं मला बोलावलं. मी सांगलीत तीस वर्षं मोटरी आणि ट्रान्सफॉर्मर भरतो, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळतो. एसटीनं गेलो.

मोटरी कमी व्होल्टेजवर थोड्या गरम होऊन चालतात. बटणाच्या सर्किटला मात्र एकशे दहा व्होल्ट लागतात. ते देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर प्रत्येक मशीनच्या पेटीत असतो. लेथ आणि ड्रिलच्या ट्रान्सफॉर्मरवर ३८० लिहिलेला एक जादा स्क्रू होता. ४१५ वरची वायर काढून त्यावर लावली. दोन्ही मशीनं चालू झाली.

"एवढ्यासाठी तुमाला लांबनं बोलवलं व्हय मी?" कृष्णात म्हणाला.

"जेवाय घाल, म्हंजे आल्यासारखं हुईल," मी म्हणालो.

मग मिलिंगची पेटी उघडली. तो ट्रान्सफॉर्मर आमच्या दुकानातला होता. हरणानं भरलेला. त्याला जादा स्क्रू नव्हता.

हरणा माझी बायको. आठ महिन्यांपूर्वी गेली. दुकानात मोटरी मी भरायचो आणि ट्रान्सफॉर्मर ती. हातानं फिरवायचं यंत्र होतं. दर शंभर वेढ्यांना ती वाटीत एक शेंगदाणा टाकायची आणि काम झालं की ते शेंगदाणे खायची. वेढे मोजणारं मीटर मी तिला आणून दिलं होतं. त्यावर तिनं पिशवी अडकवली. मोजताना कुणी बोललेलं तिला चालत नसे. गिऱ्हाइकानं विचारलं, "वैनी, नानासो हायती का," तर ती "चारशे बारा, चारशे तेरा" एवढंच सांगायची.

"नवा आणूया की बाजारातनं," कृष्णात म्हणाला. "ह्यो काय, भंगारात जाईल."

"ह्योच भरतो."

"आवं, कशाला तरास?"

"भरतो म्हणलं न्हवं."

घरी नेऊन मी त्याचं काय करणार होतो? घरी तिच्या साड्या होत्या, त्यांचंच अजून ठरलेलं नव्हतं. तिनं भरलेले ट्रान्सफॉर्मर कुठं कुठं गेले, मला माहीत नाही. माझ्यासमोर हा एकच होता, आणि तो चालत राहायला पाहिजे होता.

ट्रान्सफॉर्मर सांगलीला आणला आणि गाभ्याचे पत्रे सोडवले. यात दोन गुंडाळ्या असतात. आतली लाइनची, बाहेरची बटणांची. लाइनचं व्होल्टेज कमी झालं की आतले वेढे कमी करायचे, नाही तर बाहेरचे वाढवायचे. आतले कमी करायचे तर सगळंच उसवावं लागतं. मी बाहेरचे वाढवायचं ठरवलं. आतली तार तिच्या हातची होती, तिला हात लावायचा नव्हता.

टेपखाली तिची चिठ्ठी होती. कॅलेंडरच्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलेली. आत ८३०, बाहेर २२०. वर आणखी वेढे बसतील एवढी जागा नव्हती, म्हणून बाहेरची तार काढली. काढताना मोजली. दोनशे तेवीस वेढे भरले.

तीनची चूक. मला वाटलं, मीच चुकलो असेन.

हिशोब केला. तीनशे सत्तर व्होल्टला बाहेर दोनशे सत्तेचाळीस वेढे पाहिजेत. जास्त वेढे बसावेत म्हणून एका नंबरानं बारीक तार घेतली आणि मीटर लावून दोनशे सत्तेचाळीस गुंडाळले. पत्रे बसवले. व्होल्टेज कमी-जास्त करायचा डिमर तीनशे सत्तरवर लावून मोजलं. एकशे नऊ आले.

कृष्णातला फोन करून सांगितलं.

"एका व्होल्टानं काय हुतंय, नानासो?"

"काय न्हाई होत."

"मग आणा की."

मी आणला नाही. एक व्होल्ट कमी येतो म्हणजे आतल्या वेढ्यांची संख्याही चिठ्ठीपेक्षा जास्त होती. आठ-नऊ तरी. तीस वर्षं ती चुकीचं मोजत होती आणि ट्रान्सफॉर्मर बरोबर चालत होते. आतल्या वेढ्यांची खात्री करायची तर एकच मार्ग होता, सगळं उसवून मोजायचं. कटर हातात घेतला. मग खाली ठेवला. तिची मोजायची रीत माहेरची, म्हणून बिरदेवला फोन लावला. बिरदेव तिचा भाऊ, माण तालुक्यात असतो.

"बिरदेवा, तुमी बाजरी कशी मोजता?"

"दाजी, जेवलासा न्हवं?"

"जेवलो. कशी मोजता?"

"मापट्यानं."

"पयलं माप टाकताना काय म्हणता?"

"लाभ म्हणतो. सगळीच म्हणत्यात."

"मग दोन?"

"न्हाई. मग एक. बाकीची लोकं लाभ, दोन, तीन म्हणत्यात. आमच्या आबाचं येगळं हुतं. लाभाचं माप देवाचं, त्ये मोजणीत धरायचं न्हाई. शंभर झालं की नवी रास, म्हंजे परत लाभ. आक्काच बसायची की आबासंगं मोजाय."

"मला कवाच बोलली न्हाई."

"तुमी इचारलं हुतं व्हय?"

मी विचारलं नव्हतं. हरणा लाभ म्हणून सुरुवात करते, हे तीस वर्षं ऐकत होतो. लाभ म्हणजे एक, असं धरून चाललो होतो. पुढचा आकडा माझ्या ग्राइंडरच्या आवाजात जायचा. आत आणि बाहेर ती सारखंच मोजायची, म्हणून चूक कधी दिसली नाही.

फोन ठेवला. पत्रे परत काढले, बाहेरचे वेढे परत सोडले. मीटरवर पिशवी अडकवली. शेंगदाणे घेतले. लाभ म्हणालो, मग एक, मग दोन. शंभराला एक शेंगदाणा टाकला आणि परत लाभ म्हणालो. मधे एक गिऱ्हाईक मिक्सरची मोटर घेऊन आलं. "नानासो, मोकळं हाय का?" म्हणालं. मी म्हणालो, "एकशे छप्पन." ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसलं.

दोनशे सत्तेचाळीसला थांबलो. लाभाचे तीन धरून खरे अडीचशे. डिमर तीनशे सत्तरवर लावला. एकशे दहा आले.

नव्या कागदावर लिहिलं, आत ८३०, बाहेर २४७. तिची चिठ्ठी होती तिथंच ठेवली आणि त्यावर माझी ठेवून टेप गुंडाळली. पुढं कुणी हा उघडून मोजला तर म्हणेल, भरणाऱ्याला मोजता येत नव्हतं.

दोन शेंगदाणे खाल्ले आणि मिक्सरवाल्याला आत बोलावलं.